औषधांचा रकाना

दोन स्लाइड्स उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. दोन्हींच्या पुठ्ठ्यावर माझंच अक्षर, एकच नंबर, एकाच माणसाचा उजवा डोळा. मध्ये अकरा आठवडे गेले होते. पहिल्या स्लाइडमध्ये नसेचं तोंड गुलाबी होतं, कडा रेखलेली, सगळं जागच्या जागी. दुसरीत त्याच गोलाची कानाकडची बाजू पांढरी पडली होती. धुऊन वाळवलेल्या कवडीसारखी पांढरी. मी पुठ्ठे उलटे केले, नंबर पुन्हा वाचला. माझ्या हातून स्लाइड्सची अदलाबदल झाली असेल तर बरं, असं मला वाटलं. म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी नस अशी झाली असेल तर बरं. आपण असा विचार करू शकतो, हे त्या सकाळी मला प्रथम कळलं, आणि त्याचा धक्का स्लाइडपेक्षा कमी नव्हता.

मग डावा डोळा पाहिला. तोही तसाच.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी रत्नागिरीकडची. डोळ्यांच्या तपासनिसाचा दोन वर्षांचा कोर्स केलेला, आणि नवऱ्याला सिल्वासात कचेरीत नोकरी, म्हणून लग्नानंतर इकडे आले. इथे एका ट्रस्टचा दवाखाना होता. पुढच्या बाजूला डोळ्यांचा विभाग, मागच्या पडवीत छातीच्या रोग्यांना गोळ्या मिळायच्या. छातीचे डॉक्टर बुधवारी यायचे, डोळ्यांचे गुरुवारी. दोघांची कधी गाठ पडत नसे. रोगी एकाच इमारतीत, पण कागद वेगळे, कपाटं वेगळी, दारंसुद्धा वेगळी. छातीचे लोक मागच्या दाराने येत आणि मागच्याच दाराने जात. त्यांचे कागद दवाखान्यातच ठेवले जात. तशी त्यांचीच इच्छा असे. घरी कागद सापडला तर घर सुटायचं.

डोळ्यांचे डॉक्टर वलसाडचे, वयस्कर गुजराती गृहस्थ. मला बेन म्हणायचे. ट्रस्टला कुणीतरी मुंबईहून डोळ्याच्या आतला फोटो काढायचा जुना कॅमेरा दिला होता, तो चालवायला त्यांनीच मला शिकवलं. आधी थेंब घालून बाहुली मोठी करायची, रोग्याची हनुवटी टेकवून घ्यायची, आणि लखकन दिवा उडाला की आतला नारिंगी पडदा रोलवर उतरायचा. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. रोल पूर्ण भरल्याशिवाय वापीला धुवायला द्यायचा नाही, असा ट्रस्टचा नियम. त्यामुळे एखाद्याचा फोटो कधी तीन तीन आठवडे कॅमेऱ्यातच अंधारात बसून राही.

स्लाइड्स आल्या की डॉक्टर मला शेजारी बसवून घेत. "बेन, पहिला किनार बघायचा. पछी रंग. पछी मधला खड्डा. घाई नाय करायची. नस एकच वेळा बोलते." डोळ्याच्या पडद्यावर हा एक गोल असतो. तिथून नस मागे मेंदूकडे जाते. कडा फुगलेली असली तर एक अर्थ, खड्डा खोल असला तर दुसरा, रंग उतरला तर तिसरा. दोन वर्षांत माझी नजर इतकी तयार झाली की ते यायच्या आधीच मी प्रत्येक स्लाइडखाली निदान लिहून ठेवत असे. दहातली नऊ बरोबर निघत. ते मान हलवून म्हणत, "हवे मारी जरूर नथी." म्हणजे आता माझी गरज उरली नाही. मला त्याचा फार अभिमान होता. नवऱ्याला मी घरी येऊन ते वाक्य सांगत असे.

तो माणूस चोपड्याकडचा होता. तिशीच्या आतबाहेर, माझ्याच वयाचा. जवळच नरोलीला धाग्याच्या कारखान्यात कामाला. तिथे धागा कागदी नळ्यांवर गुंडाळतात आणि धाग्याच्या जाडीप्रमाणे नळीचा रंग ठरलेला असतो. लाल नळीचा माल लाल रांगेत, हिरवीचा हिरवीत. हा माणूस त्या रांगा लावायचा. महिनाभरात त्याने तीनदा माल मिसळला, तेव्हा सुपरवायजरने गुजरातीत चिठ्ठी लिहून दिली की डोळे तपासून दाखला आणा, नाहीतर येऊ नका. तो गुरुवारी सकाळी आला. बरोबर खोलीतला एक जण होता, त्याच्याच गावचा. नरोलीला आठ जण एका खोलीत राहायचे.

मी त्याला पाहताक्षणी ओळखलं. आदल्याच बुधवारी मागच्या पडवीत रांगेत तो उभा होता. मी पाण्याचा माठ भरायला गेले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे, आणि मी लगेच नजर वळवली होती.

नजर वळवण्यामागे कारण होतं. माझ्या थोरल्या बहिणीला छातीचा रोग झाला होता. घरात कुणी तो शब्द उच्चारत नसे, आम्ही 'अशक्तपणा' म्हणायचो. गावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या बायकोने विहिरीवर कुणाला तरी विचारलं, "आता बरी आहे का तिची छाती?" एवढंच. चौकशीच केली बिचारीने. आठ दिवसांत बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. ती बरी झाली, ठणठणीत झाली, पण लग्न पुन्हा ठरलं नाही. मी दवाखान्यात नोकरीला लागले तेव्हा मनाशी ठरवलं होतं की आपल्या तोंडून कुणाचं असं काही निघायचं नाही. हा मी माझा मोठा गुण समजत होते.

तर तो स्टुलावर बसला. सोबती दाराला टेकून उभा राहिला आणि बोलत राहिला. "ताई, याले उद्या पोरगी दाखाडली तर तिचं लुगडं लाल शे का हिरवं, ते बी आम्हालेच सांगा लागीन." तो हसला. मीही हसले. तक्त्यावरची वरची अक्षरं त्याने बरोबर वाचली, खाली अडला. चष्म्याची भिंगं बदलून पाहिली, फरक नाही. रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं तर पहिल्या पानानंतर एकही आकडा दिसेना. मग काळ्या पडद्यासमोर बसवून लाल टोकाची टाचणी फिरवली. कडेला होती तोवर तो म्हणे, लाल. अगदी मधोमध आली की गप्प होई. "दिसते?" "दिसती, पण लाल नही. मातीसारखी."

मधोमध लाल रंग विझतो म्हणजे नसेकडे बोट जातं, एवढं मला कळत होतं. दोन्ही डोळ्यांना सारखंच होतं, म्हणजे काहीतरी पोटातून जातंय, तेही मी शिकले होते. केसपेपरवर त्यासाठीच रकाने होते. तंबाखू. दारू. चालू औषधे.

"तंबाखू?"

"खातो, ताई."

"दिवसाला दोन पुड्या," सोबती म्हणाला. "आन् आमची मागून खातो ते निराळं."

"दारू?"

"नही."

"हे खरं शे," सोबती म्हणाला. "याच्या वाटची आम्ही पितो."

पुढचा रकाना औषधांचा. माझं पेन तिथे टेकलं. मी वर पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता, आणि त्याच्यामागे दाराला टेकून सोबती उभा होता. आठ जणांच्या त्या खोलीत तो शब्द गेला असता तर संध्याकाळी त्याचं अंथरूण रस्त्यावर आलं असतं. हे मला त्या क्षणी दिसत होतं, विहिरीवरच्या बायकांसकट. सोबत्याला बाहेर पाठवता आलं असतं. 'जरा बाहेर थांबा' म्हणायला किती वेळ लागतो? पण तसं म्हटलं तरी त्याला संशय येईल, असं मला वाटलं. मी प्रश्न विचारला नाही. रकान्याच्या मधोमध मी 'नाही' असं लिहिलं आणि कागद त्याच्या हातात दिला. डॉक्टरांच्या खोलीपर्यंत कागद रोगीच घेऊन जात.

मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. आपण एका माणसाची लाज राखली, असं काहीसं.

डॉक्टरांनी कागद वाचला, आत दिव्याने पाहिलं. "नस तो सरस छे." तंबाखू, अंगात रक्त नाही, वजन जेमतेम चाळीस. तंबाखूने अशी नजर मंदावते, ते आम्ही आधी पाहिलं होतं. त्यांनी तंबाखू सोडायला सांगितली, ताकदीची इंजेक्शनं लिहून दिली आणि मला फोटो काढून ठेवायला सांगितलं. रोलमध्ये तेव्हा चौदा जागा शिल्लक होत्या. त्याचे चार फोटो गेल्यावर दहा उरल्या.

त्या दहा भरायला तीन आठवडे लागले. स्लाइड्स आल्या त्या दिवशी मी त्या नीट पाहिल्या. आजही शपथेवर सांगेन, त्यांत काही नव्हतं. कडा स्वच्छ, रंग गुलाबी, खड्डा लहान. मी खाली लिहिलं, 'नस निरोगी'. हे निदान चुकलेलं नव्हतं. विष नसेत पोचलेलं असतं आणि नस अजून गुलाबीच दिसत असते, कित्येक आठवडे. फोटोला अजून ते कळलेलं नसतं. डॉक्टरांनी मला हे सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं.

त्याच सुमारास एका दुपारी तो एकटाच आला. डॉक्टरांचा वार नव्हता, ओपीडी संपली होती, मी तक्ता पुसत होते. दारातच उभा राहिला.

"तंबाखू सोडली?" मी विचारलं.

"सोडली ताई. पण फरक नही. आता समोरच्याचं तोंड बी धुरकट दिसतं."

"इतक्यात नाही पडायचा फरक. स्लाइड्स चांगल्या आल्यात तुमच्या. नस निरोगी आहे." मी पेटी लावून त्याला दाखवलीसुद्धा. त्याला काय दिसलं असेल कोण जाणे. तो वाकून बराच वेळ पाहत राहिला. मग खिशात हात घालून म्हणाला, "ताई, एक सांगायचं व्हतं. ते मागं, बुधवारी..."

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही.

"काही सांगू नका," मी म्हटलं. "मी पाहिलंय तुम्हाला तिथे. माझ्याकडून कुणाला कळायचं नाही. निर्धास्त राहा."

तो माझ्याकडे पाहत उभा राहिला. मग त्याने खिशातून रिकामाच हात बाहेर काढला. "मंग ते चालतं ना?" असं काहीतरी म्हणाला.

"अगदी चालतं," मी म्हणाले. मला वाटलं, तो लपवण्याबद्दल विचारतोय.

हे संभाषण मी आयुष्यात इतक्या वेळा उलटसुलट करून पाहिलं आहे की आता त्यातले शब्द झिजले आहेत. पण त्याचा अर्थ झिजत नाही. त्याला गोळ्यांबद्दल विचारायचं होतं. ज्या बाईच्या हाती डोळ्याची मशिनं होती, जी डोळ्यातली नस वाचत होती, तिला विचारायचं होतं की ह्या गोळ्या घेऊ की नको. आणि तिने सांगितलं, मला सगळं माहीत आहे, निर्धास्त राहा.

तो निर्धास्त राहिला. एक दिवसही न चुकता गोळी घेत राहिला.

त्यानंतर सहा-सात आठवडे तो आलाच नाही. मी चौकशी केली नाही. मग एका सोमवारी सोबत्याने त्याला हाताला धरून आणलं. दाराच्या उंबऱ्यावर तो थबकला, पायाने उंबरा चाचपला आणि मग आत आला. सोबती त्या दिवशी विनोद करत नव्हता.

"ताई, हा भाकर हातानं शोधतो," तो म्हणाला. "ताटात कुठं शे, ते दिसत नही याले."

मी तक्ता दाखवला. वरचं सर्वांत मोठं अक्षरही नाही. हात समोर धरून बोटं विचारली. हातभर अंतरावर आणली तेव्हा तो म्हणाला, "तीन का? चार?" मी दोन धरली होती.

मी थेंब घातले, फोटो काढले. रोलमध्ये अठरा जागा बाकी होत्या. त्या मी समोरच्या भिंतीवर एकामागून एक उडवून टाकल्या आणि वापीला जाणाऱ्या माणसाच्या हाती रोल दिला. नियम मोडण्याइतकं धैर्य माझ्यात होतं. त्याला प्रश्न विचारण्याइतकं नव्हतं. सोबती शेजारी उभाच होता ना. सोमवार, मंगळवार, बुधवार. त्या तीन दिवसांतही त्याने तीन वेळा गोळ्या घेतल्या. शिवाय मधल्या बुधवारी मागच्या पडवीतून महिन्याच्या नव्या गोळ्याही नेल्या.

गुरुवारी स्लाइड्स आल्या. त्या मी कशा पाहिल्या, ते वर लिहिलंच आहे.

डॉक्टर आले, पेटीपुढे बसले. पहिली पाहिली, दुसरी पाहिली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशीही चढला नाही. "बेन, ही तंबाकू नाय. ही दवा छे. हा काय दवा खाते?"

मी बोलावल्याप्रमाणे तो आला होता, तिथेच स्टुलावर बसला होता. सोबती त्याच्या मागे. मी केसपेपर हातात धरला होता. त्यावर माझ्या अक्षरात 'नाही' होतं.

"त्यांनी सांगितलं नाही," मी म्हटलं.

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, ते मला सांगता येणार नाही. ठरवून निघालं नाही. तयार बसल्यासारखं निघालं. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान वळवली, पण माझ्याकडे नाही, माझा आवाज जिथून आला तिकडे, थोडी चुकूनच.

"हा साहेब," तो म्हणाला. "मीच नही सांगितलं."



डॉक्टर उठले. सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाई, जरा बाहेर बेस." इतकं सोपं होतं ते. सोबती गेला, दार लागलं, आणि डॉक्टरांनी त्याला अगदी हळू विचारलं. त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दिली. डॉक्टरांनी नाव वाचलं, इथाम्बुटॉल, आणि पट्टी टेबलावर पालथी ठेवली. छातीच्या रोगावरची चांगली गोळी आहे ती, हजारोंना उठवलं तिने. क्वचित कुणाच्या डोळ्याची नस सुकवते. रंग जायला लागले त्या आठवड्यात थांबवली तर बहुतेक सगळं परत येतं. हे सगळं डॉक्टर त्याला समजावून सांगत होते, आणि मी शेजारी उभी राहून ऐकत होते. रंग जायला लागले त्याच आठवड्यात मला गोळ्यांचं माहीत होतं, हे फक्त मला आणि त्याला ठाऊक होतं.

गोळी त्याच दिवशी बदलली. डॉक्टर स्वतः मागच्या पडवीत गेले, तिथला कागद मागवून घेतला. इतक्या वर्षांत ते तिकडे प्रथमच गेले असावेत.

आणि आता जे लिहायचं आहे, त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. त्या दिवशी दवाखाना बंद करताना मी त्याचा केसपेपर कपाटातून काढला. औषधांच्या रकान्यात 'नाही' मधोमध होतं, अलीकडे जागा होती. मी तेच पेन घेतलं आणि त्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'रुग्णाने सांगितले'. पुढचं 'नाही' तयारच होतं. शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली, आणि घरी जाऊन स्वयंपाक केला. नवरा म्हणाला, आमटी छान झाली आहे.

पुढचे आठ महिने तो दर महिन्याला यायचा. सोबत्याला कळलं होतं, पण त्याने खोलीतल्या बाकीच्यांना सांगितलं नाही. इतकी भीती ज्याची वाटली होती, तोच माणूस दर महिन्याला पगारी दिवस बुडवून त्याला हाताला धरून आणत होता. मी नजर तपासायची, काळ्या पडद्यासमोर बसवायची. तिसऱ्या महिन्यात वरचं अक्षर दिसलं. पाचव्या महिन्यात त्याखालची ओळ. मग तिथेच थांबलं. डाव्याचं तर वरच्या अक्षरापर्यंतच. लाल टाचणी मधोमध आली की अजूनही माती. दर वेळी तो विचारायचा, "अजून येईन ना, ताई?" आणि दर वेळी मी म्हणायची, "हळूहळू. बघू." कारखान्याने काही दिवस त्याला पोती उचलायला ठेवलं, मग तेही संपलं. छाती मात्र पूर्ण बरी झाली.

शेवटच्या वेळी तो गावी परत जाण्याआधी आला. सोबती बाहेर बाकावर बसला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला केसपेपर आणि स्लाइड्स घेऊन जा. मी पाकीट करून त्याच्या हातात दिलं. त्याने कागद बाहेर काढला, डोळ्यांजवळ नेला, कडेने पाहिल्यासारखं केलं आणि माझ्यापुढे धरला.

"वाचून दाखवा ताई. तिकडचा डॉक्टर विचारीन, तर माले सांगता आलं पाहिजे."

मी वाचायला लागले. तारीख, नजर, रंगांची तपासणी. तंबाखू होय. दारू नाही. मग त्या रकान्यावर आले. तो वगळता आला असता. त्याला कळलं नसतं, असं मला वाटलं. तरी मी वाचला, का ते माहीत नाही. "चालू औषधे. रुग्णाने सांगितले नाही."



"पहिले तिथं नुसतं 'नाही' व्हतं," तो म्हणाला.

मी कागद टेबलावर ठेवला.

"त्या दिवशी कागद घेऊन मीच गेलतो ना साहेबांकडे. तवा माले वाचता येत व्हतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं, रडता तरी आलं असतं. तो म्हणाला, त्याला वाटलं ताईंनी मुद्दाम लिहिलं, आपली लाज राखायला. आणि ताईंना गोळ्यांचं माहीत आहे, तर त्यात डोळ्याला धोका नसणारच, नाहीतर त्या लपवत्या कशाला. तरी मनात शंका होती, म्हणून पट्टी खिशात घालून दुपारी एकटा आला होता.

"मग साहेबांपुढे तुम्ही तसं का म्हणालात?" मी विचारलं. "मीच नाही सांगितलं, असं?"

"तुमची नोकरी शे, ताई," तो म्हणाला. जणू हे सांगायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "मी विचारलं नव्हतं. मी न विचारता लिहिलं. आणि तुम्ही सांगायला आलात तेव्हा मीच तुम्हाला बोलू दिलं नाही. आणि हे बाकीचं मी मागाहून लिहिलंय." एवढंच बोलले. त्यापुढे क्षमेबिमेचं काही बोलता आलं नाही. त्याने मान हलवली, तपासताना हलवायचा तशीच. मी पेन उघडलं आणि ती ओळ खोडायला कागद पुढे ओढला. त्याने कागदावर हात ठेवला. तो हात नेमका ओळीवर पडला नाही, खाली पडला.

"खाडाखोड नका करू. तिकडचा डॉक्टर म्हणीन, कागदात घोळ शे. मंग काहीच मानणार नही."

मी पेन मिटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटलं, हेही लिहून ठेवते.

मग तो म्हणाला, "आता एक खरं सांगा. ती नस पांढरी झाली, ती फिरून गुलाबी व्हती का?"

आठ महिने मी 'बघू' म्हणत आले होते.

"नाही होत," मी म्हटलं. "जेवढं यायचं तेवढं आलंय. आता यापुढे येणार नाही."

तो उठला. पाकीट चाचपून पिशवीत घातलं. बाहेरून सोबती आत आला आणि त्याने नेहमीसारखा त्याचा हात धरायला हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही. सोबत्याच्या खांद्यावर आपला हात ठेवला आणि त्याच्या मागून चालत निघाला. उंबऱ्यापाशी सोबती म्हणाला, "पाय." त्याने पाय उचलला.

मी खिडकीतून पाहत होते. नरोलीच्या रिक्षात बसेपर्यंत दोघं दिसत होते. तो कागद पिशवीत होता, त्याचा दोष माझ्या अक्षरात लिहिलेला.